ऐकत नाहीत त्या केसांचा अंबाडा, घरच्याच सामानात

अंबाडा सुटायला लागला की लोक आणखी पिना खोचतात. विंगेत उभी राहून मी हे कायम बघते. हौशी नाटकं आणि नाचाचे कार्यक्रम यांच्या केशभूषेचं काम माझ्याकडे असतं, म्हणजे दोन प्रवेशांच्या मधे कुणाचं तरी डोकं माझ्या हातात असतं आणि त्या डोक्यात कुणीतरी आधीच मूठभर पिना कोंबलेल्या असतात. त्या सगळ्या उपसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पिनांचं काम फक्त अंबाडा खालच्या केसांशी जोडून ठेवण्याचं. खालचे केसच जागचे हलत असतील तर वीस काय नि पन्नास काय, सगळ्या पिना केसांबरोबर खाली येतात.

तेव्हा पिनांचं नंतर बघू. आधी तुमच्या केसांचा हट्ट कोणता ते ठरवा, कारण त्यावर उपाय बदलतो. मानेच्या वर साधी पोनी बांधा, पिन-बिन काही नको, आणि मान खाली घालून डोकं चार-पाचदा जोरात झटका. रबर घसरून खाली आलं तर केस निसरडे आहेत. रबर जागेवर आहे, पण डोक्याभर केस पिंजारून उभे राहिले तर केस कुरळे, कोरडे किंवा दोन्ही. बटा सुटून कानांवर आल्या तर त्यात केसांचा दोष नाही, कात्रीचा आहे. लेअर कापलेले आहेत. आणि फक्त कपाळाच्या कडेला नि मानेवर बारीक केस ताठ उभे असतील तर ती नवी वाढ. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे बोटाच्या पेराएवढे हे केस जेमतेम दोन-तीन महिन्यांचे. ते कुठल्याच रबरात मावणार नाहीत, त्यांना चिकटवूनच बसवावं लागतं.

माझे स्वतःचे केस पहिल्या जातीचे, सरळ आणि गुळगुळीत, रबराला दाद न देणारे. भाचीच्या डोक्यावर दुसरी आणि तिसरी जात एकत्र नांदते: दाट, कुरळे, वर लेअर. ती खुर्चीत बसली की तिचं ठरलेलं वाक्य येतं, "मावशी, अजून ओढ ना, म्हणजे राहील." ओढून राहत नाही. ओढलेला केस ताणला जातो, थोड्या वेळाने तो सैल पडतो, आणि जेवढा सैल पडला तेवढा अंबाडा डुगडुगायला लागतो. शिवाय रोज ओढून बांधलं तर मुळांवर ताण येऊन कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. लवकर थांबलात तर ते परत येतात. वर्षानुवर्षं तेच चालू ठेवलं तर मुळंच कायमची जातात. कडेला बारीक पुटकुळ्या येणं, केस अर्ध्यातून तुटलेले दिसणं, अंबाडा सोडल्यावर डोक्याची कातडी दुखणं, ही सगळी त्याची आधीची चिन्हं. माझा नियम सोपा आहे. बांधून झाल्यावर भुवया वर ओढल्यागत वाटल्या तर सोडायचा आणि पुन्हा घालायचा. प्रयोग पाच मिनिटांवर आला असेल तरीसुद्धा.

जवसाची जेल

केस बसवायला मी जवस वापरते. अळशी म्हणा हवं तर. तयार जेलशी माझं भांडण नाही, पण एकाच दिवशी बरीच डोकी हाताखालून जातात तेव्हा मला असं काहीतरी लागतं जे नुसत्या पाण्याने निघून जाईल आणि वाळल्यावर केसांचा चरचरीत पत्रा करणार नाही.

हे चालतं कसं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की पुढच्या अर्ध्या सूचना तुमच्या तुम्हालाच सुचतील. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या आतले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात, ज्या आकारात वाळला त्या आकारात. म्हणून ओलसर करून बसवलेला केस वाळेपर्यंत दाबून धरला तर तसाच राहतो. दमट हवेत हेच उलट होतं. हवेतलं पाणी केसात शिरतं, बंध सुटतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो. जवसाच्या बीच्या सालीत एक बुळबुळीत पदार्थ असतो, गरम पाण्यात तो सुटून येतो. केसाला लावला की आधी त्यातलं पाणी केसाला वळवून घेतं, आणि ते उडून गेलं की मागे पातळ पापुद्रा उरतो, जो शेजारशेजारच्या केसांना एकमेकांशी धरून ठेवतो. दोन्ही कामं एकाच वस्तूत.

लागतात पाव वाटी अख्खे जवस, दोन वाट्या पाणी, एक पातेलं, लाकडी चमचा आणि गाळायला नायलॉनचा जुना, धुतलेला, पातळ पायमोजा. जवस अख्खेच हवेत. दळलेले घेतले तर तेल आणि पीठ सगळं पाण्यात उतरतं, आणि तो लगदा कशातूनही गाळला जात नाही. चहाची गाळणी यासाठी आणू नका. तिची भोकं दोन मिनिटांत बुजतात आणि मग तुम्ही चमच्याने घासत बसता.

जवस आणि थंड पाणी एकदमच पातेल्यात घाला आणि मध्यम आचेवर ठेवा. सुरुवातीला काही म्हणता काही होत नाही, नुसतं पिवळट पाणी आणि तळाशी बिया. उकळी आल्यावर कडेला पांढरा फेस धरायला लागतो आणि चमचा जड व्हायला लागतो. इथून पुढे हात थांबवायचा नाही, नाहीतर बिया तळाला बसून करपतात आणि तो वास केसांतून जात नाही. ढवळता ढवळता चमचा वर उचलून बघत राहा. आधी सुटे थेंब पडतात. मग थेंबामागे बारीक शेपटी येते. आणि मग एकदम असं होतं की पडणारा द्रव तुटतच नाही. चमच्यावरून लांब तार धरून उतरतो, हिंदकळतो आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पुन्हा वर ओढला जातो. तिथे आच बंद. उकळी आल्यापासून साधारण ७ ते १० मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा तारेवर भरवसा ठेवा. आच, पातेल्याचं तोंड, बियांचा जुनेपणा यांनी वेळ मागेपुढे होतो. मिनिट-दोन मिनिटं जास्त झाली तर द्रव बियांना इतका धरून बसतो की गाळताना निम्मा आतच राहतो. गार झाल्यावर जेल आणखी घट्ट होते, म्हणून पातेल्यात 'अजून जरा पातळच आहे' असं वाटत असतानाच उतरवायची.

गाळायचं मात्र लगेच, गरम असतानाच. पायमोज्याचं तोंड रुंद काचेच्या भांड्यावर ताणून बसवा, मिश्रण ओता आणि मोजा वर उचला. पहिला भाग आपोआप गळतो. उरलेला पिळून काढायचा, पण हाताने नको. चिमट्याने किंवा दोन चमच्यांमध्ये धरून वरून खाली ओढत आणा. उकळता चिकट द्रव हातावर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, जागेवर बसून भाजतो. हाताला सोसेल इतकं निवल्यावर मग पिळा. मोज्यातल्या बिया दुसऱ्यांदा उकळता येतात, पण दुसऱ्या वेळची जेल पातळ निघते. ती कुरळ्या केसांच्या लांबीला चालते, अंबाड्याच्या कडेला नाही.

हे टिकाऊ प्रकरण नाही. त्यात टिकवणारं काहीच नसतं, म्हणून स्वच्छ झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, आठवडाभर. वास आंबूस झाला, वर बुडबुडे दिसले किंवा जेल अचानक पाण्यासारखी झाली तर फेकून द्यायची, हळहळायचं नाही. सुगंधी तेलाचे थेंब टाकले की टिकते असं बरेच जण सांगतात. तेलाने वास झाकला जातो, जंतू तिथेच असतात. जास्त केली असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. एक खडा सुटला की कडा आणि मान यांना पुरतो. पहिल्यांदा वापरणार असाल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघा. जवसाचं वावडं असणारी माणसं असतात आणि त्यांना ते कपाळावर लावल्यानंतर कळलेलं बरं नव्हे.

केस फार कोरडे असतील तर जेल कोमट असताना त्यात चमचाभर कोरफडीचा गर घालता येतो. पान कापल्यावर सालीजवळून जो पिवळा चीक निघतो तो आधी पूर्ण निथळू द्या, त्याने खाज सुटते. ग्लिसरीन घालायचं असेल तर थेंबात मोजून, आणि हवा दमट असेल तर अजिबात नको. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी काय करतं ते वर सांगितलंच आहे.

बाकीचे घरगुती उपाय मी विंगेत येऊ देत नाही. साखरपाण्याने केस कडक होतात खरे, पण घाम आला की चिकट होऊन कपाळावर ओघळतं. अंड्याचा पांढरा वाळला की पापुद्रे सुटतात आणि गरम पाण्याने धुतला तर केसातच शिजतो. कॉर्नफ्लोअरची खळ काळ्या केसांवर पांढरी दिसते. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून डाग पडू शकतात. आणि तेल! तेल लावून चापून बसवलेले केस तासभर छान दिसतात, मग रबर आणि आकडे दोन्ही त्यावरून घरंगळतात. अंबाड्याला तेल लावायचंच असेल तर टोकांना, बुडाशी नाही.

आधी बूड

केस धुतल्याच्या दिवशी अंबाडा घालणं म्हणजे स्वतःशी वैर. विशेषतः निसरड्या केसांचं. आदल्या दिवशी धुतलेले केस एकमेकांना धरतात. धुताना कंडिशनर लावलात तर कानाच्या खाली लावा, मुळांजवळ नको. कुरळ्या केसांना मात्र कंडिशनर भरपूर हवं, आणि त्यांना आदल्या दिवसाचं बंधन नाही. ते तसेही एकमेकांना सोडत नाहीत.

सगळे केस ओले करून अंबाडा वळायचा नाही. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, शिवाय आतला गुंडाळा तासन्‌तास ओलाच राहतो आणि संध्याकाळपर्यंत वास मारतो. वरचा थर ओलसर हवा, इतकंच. बाटलीतून पाण्याचा फवारा, नाहीतर ओले हात फिरवले तरी चालतात.

आता पोनी. या अख्ख्या कामात वेळ घालवायचा असेल तर इथे घालवा. जागा ठरवायला सोपी खूण आहे: हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकावरून एक सरळ रेघ मनातल्या मनात मागे न्या. ती डोक्यावर जिथे भेटते ती उंच अंबाड्याची जागा, तिथे तो डोक्याला ओझं वाटत नाही. मानेवरचा अंबाडा हवा असेल तर बांधताना मान खाली घालू नका. वाकून बांधलं की मानेवरचे केस ताणलेले असतात, आणि सरळ झालात की तेवढे केस लोंबून तिथे पिशवी धरते. हनुवटी किंचित वर करून बांधा, पिशवी होत नाही.

निसरड्या किंवा जड केसांना मी एका झटक्यात पोनी बांधतच नाही. आधी अंबाड्याच्या जागेवरचे, मधले तळहाताएवढ्या गोलातले केस घेऊन त्यांची एक बारीक पोनी बांधते. तिच्याभोवती रिंगणात उरलेले केस मोकळे राहतात. मग ते चार भागांत, एक खालचा, दोन बाजूंचे, एक वरचा, असे विंचरून या आतल्या पोनीपर्यंत आणते आणि दुसऱ्या रबराने सगळं एकत्र बांधते. बाहेरचा थर आतल्या पोनीला टेकून राहतो, ती त्याला घसरू देत नाही. दोन मिनिटं जास्त जातात. माझ्या स्वतःच्या केसांवर हा एकच उपाय दिवसभर टिकतो. बाकी काहीही केलं तरी दुपारपर्यंत रबर मानेवर.

दाट केसांत अडचण वेगळीच. रबराचा तिसरा वेढा घालताना अख्खी पोनी त्यातून ओढून काढावी लागते, त्यात बांधलेलं सगळं ढिलं होतं. त्यावर घरच्या घरी करण्यासारखं साधन म्हणजे कापड गुंडाळलेलं रबर आणि दोन बॉब पिना. दोन्ही पिना वाकलेल्या टोकापर्यंत त्या रबरात ओवा, म्हणजे एका रबराला दोन आकड्या लागतील. एक पिन पोनीच्या बुडात खोचा, रबर ताणत पोनीभोवती हवे तितके वेढे द्या, आणि दुसरी पिन पहिलीच्या समोरच्या बाजूने बुडात खोचा. पोनी कशातूनच ओढावी लागत नाही. सुटं, पिवळं, कागदांच्या गठ्ठ्याला लावतात ते रबर यासाठी घेऊ नका. ते काढताना केस घेऊन येतं.

मोजा, पेड आणि लेअर

एका लांबीचे, खांद्याखाली गेलेले केस असतील तर मोज्याइतकं सोपं काही नाही. जुना, बोटांशी विरलेला मोजा घ्या, केसांच्या रंगाच्या जवळचा. बोटांकडचं टोक कापून टाका, म्हणजे दोन्हीकडून उघडी नळी होईल, आणि कापलेल्या बाजूने ती स्वतःवरच गुंडाळत जा. जाड गोल कडं तयार होतं. पातळ केसांना लहान मुलाचा मोजा पुरतो. केस विरळ असतील म्हणून मोठं कडं घेऊ नका, मधूनमधून मोजा डोकावतो. अंबाडा भरीव हवाच असेल आणि केस पुरत नसतील तर सरळ गंगावन लावावं.

कडं पोनीच्या टोकापर्यंत सरकवा, टोकं कड्यावरून बाहेरच्या बाजूने दुमडून आत खोचा, आणि दोन्ही हातांनी कडं आतून बाहेर गुंडाळत डोक्याकडे आणा. प्रत्येक वेढ्याबरोबर केस चहूबाजूंनी सारखे पसरत राहायला हवेत. एकाच बाजूला गोळा झाले तर तिथेच थांबा आणि बोटांनी सरकवा, बुडाशी पोचल्यावर ते सरकत नाहीत.

लेअर असलेल्या केसांत ही युक्ती फसते. आखूड बटा कड्यापर्यंत पोचतच नाहीत, पोचल्या तरी पहिल्या वेढ्याला निसटतात. भाचीसाठी मी कडं थेट बुडाशीच नेऊन बसवते, पोनीचे केस त्यावरून चारी बाजूंना पसरते, आणि वरून एक पातळ रबर घालते, असं की कडं पूर्ण झाकलं जाईल. रबराबाहेर जी टोकं उरतात त्यांचे दोन भाग करायचे, पीळ द्यायचा, कड्याभोवती फिरवायचे आणि खाली खोचायचे. पीळ ज्या दिशेला दिला त्याच दिशेला गुंडाळायचं. उलट गुंडाळलं तर प्रत्येक वळणागणिक पीळ उलगडत जातो आणि टोकं मोकळी होतात.

केस फार लांब आणि जड असतील तर मोजाच नको. पोनीच्या दोन तीन-पेडी वेण्या घाला, टोकांना दोरा बांधा, आणि एक घड्याळाच्या दिशेने, दुसरी तिच्या बाहेरून तशीच फिरवा. पिळापेक्षा वेणी बरी, कारण पेडांत आखूड केस अडकून राहतात आणि आकड्याला शिरायला जागाही मिळते. निसरड्या केसांना तर मी नेहमी वेणीच घालते. वेणी घालताना बोटांना जेल अगदी नखभर लावून घ्यायची.

आकडे

इथे घाई चालत नाही. अंबाड्याला लागतात ते यू आकाराचे आकडे. बॉब पिना कडेच्या केसांसाठी ठेवा, अंबाड्याचं वजन त्यांच्याने पेलत नाही. आकडा सरळ मधे भोसकला तर तो अंबाड्यातून जातो आणि डोक्यावर टेकून थांबतो. धरत कशालाच नाही. असं करा. आकड्याची दोन टोकं अंबाड्याच्या कडेला, डोक्याला आडवी, बाहेरच्या दिशेने तोंड करून धरा. अंबाड्याच्या कडेची थोडी बट एका पायात घ्या. मग टोकं डोक्याच्या दिशेने टेकवून तिथले चापून बसवलेले थोडे केस उचला. आता आकडा उलटा फिरवा, म्हणजे त्याची टोकं अंबाड्याच्या मध्याकडे वळतील, आणि कातडीला समांतर आत सरकवा. फिरवताना बोटांना अडकल्याचं कळतं, हलका ताण येतो. तो ताण म्हणजे आकडा लागला. ताण न जाणवता लोण्यातून सुरी जावी तसा गेला, तर काढून पुन्हा.

पहिले चार आकडे समोरासमोर: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मग डोकं हलवून बघा. जिथे अंबाडा उचलला जातो तिथेच पाचवा. नीट लागलेले सहा-सात आकडे बहुतेक डोक्यांना पुरतात. आकडा खोचल्यावर टोचत असेल तर 'सवय होईल' म्हणून सोडून देऊ नका, दोन तासांनी डोकं फुटायची वेळ येते.

बॉब पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी, सरळ बाजू बाहेर. दातांनी पिन उघडायची सवय असेल तर मोडा. टोकावरचा गुळगुळीत थेंब निघतो आणि उघडं धातूचं टोक केस कापत राहतं. निसरड्या केसांत पिन टिकत नसेल तर तिला जवसाची जेल लावून आधी पूर्ण वाळू द्यायची, मग लावायची. किंवा दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या.

कडा सगळ्यात शेवटी

जेल लावायची ती आता, अंबाडा पक्का झाल्यावर. कुरळ्या केसांना मात्र पोनीच्या आधी एकदा, ओलसर लांबीवर, आणि आता पुन्हा कडेला. मऊ दातांचा जुना टूथब्रश घ्या, जेलीत बुडवून कडेवर पुसा आणि कपाळापासून अंबाड्याकडे, वाढीच्या दिशेने हलके फटकारे मारा. थोडी थोडी. एकदम जास्त थापलीत तर वाळल्यावर पांढरी भुकटी सुटते आणि काळ्या कपड्यांवर कोंड्यासारखी दिसते. आधी एखादं क्रीम किंवा दुसरी जेल लावलेली असेल तरी तेच होतं, दोन्ही मिसळून गोळ्या धरतात.

मग गुळगुळीत कापडाची चार बोटं रुंद पट्टी कपाळावरून मागे बांधा, घट्ट नाही, केस दबतील इतपत. दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. हेच ते वाळेपर्यंत दाबून धरणं, आणि लोक नेमकं हेच गाळतात. जेल लावतात, आरशात बघतात, समाधान होतं, आणि पट्टी बांधायचा कंटाळा करतात. अर्ध्या तासाने केस परत उभे, आणि शिव्या जवसाला. पट्टी सोडताना मागे ओढून काढू नका, उचलून काढा. त्यानंतर कडेला हात लावायचा नाही. कपाळावर हात फिरवायची सवय असलेल्या मुलींना मी हातात काहीतरी धरायला देते.

दमट हवेत हे सगळं करूनही तीन-चार तासांनी कडा सुटू लागतात. तेव्हा नवी जेल घालू नका. ओलं बोट कडेवरून फिरवा, जुनाच पापुद्रा पाण्याने पुन्हा चिकट होतो, आणि पट्टी पाच मिनिटं बांधा.

सोडताना आकडे ज्या दिशेने घातले त्याच्या उलट दिशेने काढा, एकेक. सरळ बाहेर ओढलात तर त्याने पकडलेले केसही येतात. कडेच्या केसांतून कोरडा कंगवा घालू नका. आधी पाणी मारा, पापुद्रा विरघळू द्या, मग बोटांनी मोकळे करा, मग कंगवा. मोज्याचं कडं उलगडून धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा गुंडाळू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंबाडा घालायचा असेल तर पोनीची जागा दोन बोटं वर किंवा खाली घ्या, म्हणजे कालच्याच केसांवर आजचा ताण पडत नाही.